चलन सगळ्यांचं, कर्ज मात्र एकट्याचं

प्रश्न असा आला आहे: "ग्रीसवर कर्जसंकट आलं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं चलनच नव्हतं. अशा देशाच्या सरकारच्या हातात नक्की काय उरतं? युरोतून बाहेर पडून पुन्हा आपलं जुनं चलन, ड्राक्मा, छापणं सोपं गेलं नसतं का? आणि आपल्याकडेही राज्यांवर कर्जं आहेत, रुपया सगळ्यांचा एकच आहे, मग एखाद्या राज्याचा ग्रीस का होत नाही?"

मी अठ्ठावीस वर्षं सरकारी रोख्यांच्या, म्हणजे सरकारं कर्ज घेताना जे कागद काढतात त्यांच्या, बाजारात आहे. सुरुवात मुंबईत झाली, पुढे लंडनला गेलो. २०१२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जुने ग्रीक रोखे देऊन कमी रकमेचे नवे घेण्याची जी अदलाबदल झाली, तिच्यात मी एका पेन्शन निधीच्या बाजूने बसलो होतो. म्हणजे ज्यांचे पैसे कापले गेले त्यांच्यातले आम्ही. तरीही माझं मत स्पष्ट आहे: ती कपात व्हायलाच हवी होती, आणि दोन वर्षं आधी व्हायला हवी होती. मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं त्या वाया गेलेल्या दोन वर्षांत आहे.

चलन स्वतःचं नसणं म्हणजे काय, ते आधी बघू. १९९१ चं आपलं संकट आठवा. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी उरली होती. त्या जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण पडलं, आणि १ व ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. महागाई झाली, लोकांनी सोसलं. पण अवमूल्यनामुळे देशातली सगळी मजुरी जगाच्या तुलनेत एका फटक्यात स्वस्त झाली, आणि त्यासाठी कुणाच्या हातात पगारकपातीची चिठ्ठी द्यावी लागली नाही.

ग्रीस २००१ मध्ये युरोत आला तेव्हा ३४०.७५ ड्राक्मा म्हणजे एक युरो हा दर कायमचा ठरून गेला. त्यामुळे तीच स्वस्ताई आणायला पगार, पेन्शन, भत्ते एकेक करून खाली ओढावे लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन महिन्याला ७५१ युरोंवरून ५८६ वर आणलं, पंचविशीच्या आतल्यांसाठी ५११ वर. घराच्या कर्जाचं मुद्दल मात्र एका सेंटनेही उतरलं नाही, कारण ते युरोतच होतं. मिळकत आटली, देणं जसंच्या तसं राहिलं. मग हप्ते थकू लागले, बँका खिळखिळ्या झाल्या, आणि त्या बँकांना सावरायला सरकारला पुन्हा कर्ज काढावं लागलं.

दुसरं नुकसान आम्हाला रोज पडद्यावर दिसायचं. २०११ मध्ये अर्थव्यवस्थेच्या प्रमाणात बघितलं तर स्पेनवरचं कर्ज ब्रिटनपेक्षा कमी होतं. तरीही वर्ष सरता सरता स्पेनला व्याज ब्रिटनच्या दुपटीहून जास्त पडत होतं, आणि जुलै २०१२ मध्ये त्याच्या दहा वर्षांच्या रोख्याचा दर साडेसात टक्क्यांच्या वर गेला. कारण साधं आहे. ब्रिटिश रोखा घेणाऱ्याला ठाऊक होतं की मुदत भरली की पौंड मिळणारच, बँक ऑफ इंग्लंड पाठीशी आहे. स्पेनचा रोखा घेणाऱ्याला ती खात्री नव्हती. युरो छापणारी युरोपीय मध्यवर्ती बँक जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये, आणि युरोपीय संघाच्या करारातलं कलम १२३ तिला कुठल्याही सरकारला थेट पैसा पुरवायला मनाई करतं. कलम १२५ म्हणतं की एका देशाचं देणं दुसऱ्याच्या गळ्यात पडणार नाही. खात्री नसली की सावकार आधी पळतो. तो पळाला की दर चढतो. दर चढला की धडधाकट देशसुद्धा खरोखर बुडायला लागतो.

२६ जुलै २०१२, गुरुवार. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी लंडनमध्ये बोलले की युरो टिकवण्यासाठी आपल्या अधिकारात बसेल ते सगळं बँक करील. आमच्या डेस्कवर बोलणी थांबली आणि सगळे इटली-स्पेनचे दर खाली येताना बघत राहिले. सप्टेंबरमध्ये बँकेने रोखेखरेदीची योजना रीतसर जाहीर केली. त्या योजनेतून आजवर एकही रोखा विकत घ्यावा लागलेला नाही. पाठीशी कुणीतरी उभं आहे एवढं कळणं पुरेसं होतं, आणि ते कळायला अडीच वर्षं लागली.

मात्र स्पेनला लागू पडलेलं औषध ग्रीसला लागू पडत नव्हतं. स्पेनची अडचण हातात वेळेवर रोख नसण्याची होती. ग्रीसचं कर्जच फिटण्यापलीकडे गेलं होतं. हा भेद पहिल्या महिन्यात करता आला नाही तर पुढचं सगळं चुकतं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत" हे खरं, आणि ग्रीक सरकारांनी ते पाळलं नव्हतं हेही खरं. पण एका हद्दीनंतर नुसता खर्च आवळून कर्ज उतरत नाही. कागदावर मांडून बघा. देशाची वर्षाची मिळकत १००, सरकारचं कर्ज १५०, व्याज ५ टक्के. सरकारने खर्च इतका आवळला की व्याजापलीकडे एक पैसा नवं कर्ज घेतलं नाही. वर्षअखेर कर्ज झालं १५७.५. पण खर्च आवळल्यामुळे बाजार बसला आणि मिळकत १०० ची ९५ झाली. आता १५७.५ ला ९५ ने भागा. कर्जाचं प्रमाण १५० टक्क्यांवरून जवळजवळ १६६ वर गेलं. उधळपट्टी शून्य, आणि तरी ओझं जड झालं.

ग्रीसमध्ये हेच घडलं. अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांश आकसली, बेकारी २०१३ मध्ये २७ टक्क्यांच्या पुढे गेली. खर्चकपातीचा वाढीवर किती घाव बसेल याचा अंदाज फार कमी धरला गेला होता, हे ग्रीसला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये लिहून मान्य केलं. तोवर त्या तरुणांची पाच वर्षं गेली होती, आणि ती त्यांना कुठल्याच कार्यक्रमातून परत मिळाली नाहीत.

ऑक्टोबर २००९ मध्ये पापान्द्रेऊ यांचं सरकार आलं आणि आधीच्यांनी दाखवलेले तुटीचे आकडे खोटे निघाले. तूट जीडीपीच्या साडेबारा टक्क्यांच्या घरात सांगितली गेली, पुढे तपासणीत ती १५ टक्क्यांच्याही वर निघाली. बाजाराचं दार बंद झालं. २३ एप्रिल २०१० ला पापान्द्रेऊ यांनी कास्तेलोरिझो या छोट्या बेटावरून मदत मागितली आणि २ मे रोजी ११० अब्ज युरोंचं कर्ज ठरलं: ८० अब्ज युरो वापरणाऱ्या देशांचे, ३० अब्ज नाणेनिधीचे. युरोपीय देशांनी त्यावर बाजारदराच्या वर तीन टक्के व्याज लावलं, तीन वर्षांनंतर चार. बुडणाऱ्याला दोर टाकायचा आणि दोराचं भाडंही घ्यायचं, असा तो प्रकार होता. पुढे हे वरचं व्याज अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरवावं लागलं.

त्या मे महिन्यात खासगी सावकारांच्या एका पैशालाही हात लागला नाही. फ्रेंच आणि जर्मन बँकांकडे ग्रीक रोखे मोठ्या प्रमाणावर होते, लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेच्या पडझडीला दोन वर्षंही झाली नव्हती, सगळ्यांच्या पोटात गोळा होता. ती भीती खोटी नव्हती, मी ती जवळून बघितली आहे. नाणेनिधीचा नियम सांगत होता की देशाचं कर्ज फिटण्यासारखं आहे याची चांगली खात्री असल्याशिवाय एवढी मोठी रक्कम द्यायची नाही. मग नियमालाच अपवाद जोडला गेला: संकट इतर देशांत पसरण्याचा धोका असेल तर चालेल. ही पळवाट निधीने २०१६ मध्ये बंद केली.

त्याचा परिणाम दोन कागदांवरून दाखवतो. १९ मे २०१० ला ग्रीस सरकारच्या सुमारे साडेआठ अब्ज युरोंच्या रोख्यांची मुदत भरली. ज्यांच्याकडे ते होते त्यांना शंभराचे शंभर मिळाले, मदतीच्या पैशांतून. २० मार्च २०१२ ला १४ अब्जांहून अधिक रोख्यांची मुदत भरायची होती. त्यांच्या धारकांना शंभरापैकी साडेत्रेपन्न सोडून द्यावे लागले. सरकार तेच, सही तीच, बुडीतपणही तेच. फरक फक्त तारखेचा. मधल्या बावीस महिन्यांत हुशार पैसा शंभर नंबरी भावाने निघून गेला आणि त्याच्या जागी जर्मन, फ्रेंच, इटालियन करदाता ग्रीसचा सावकार होऊन बसला. बँकेचं देणं कापता येतं. शेजारी देशाच्या करदात्याचं देणं कापायचं म्हटलं की तिथली संसद, तिथल्या निवडणुका, तिथला राग, सगळं मध्ये येतं. ग्रीस आणि उत्तरेकडचे देश यांच्यातलं पुढच्या दहा वर्षांचं वैर सावकारांच्या या अदलाबदलीतून जन्माला आलं, असं मला आजही वाटतं.

मग तुमचा मूळ प्रश्न: सरकारच्या हातात काय उरतं? चलन हातात नसतं, पण कायदा असतो. ग्रीसचे नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे ग्रीक कायद्याखाली काढलेले होते. कराराचा अर्थ अथेन्सची न्यायालयं लावणार आणि कायदा अथेन्सची संसद बदलू शकणार. २३ फेब्रुवारी २०१२ ला संसदेने कायदा केला: ग्रीक कायद्याखालच्या सगळ्या रोख्यांचे धारक एकत्र धरायचे, निम्म्या रकमेच्या धारकांनी मतदानात भाग घेतला आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांनी होकार दिला, तर तो सगळ्यांवर बंधनकारक. दुसऱ्या दिवशी रोखे बदलून घेण्याचा देकार निघाला, मुदत ८ मार्चच्या रात्रीपर्यंत. पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक धारक आपण होऊन आले, उरलेल्यांना कायद्याने ओढून घेतलं. सुमारे १०७ अब्ज युरोंचं कर्ज गेलं.

आमच्या निधीच्या खात्यात त्या सोमवारी, १२ मार्चला, एका जुन्या रोख्याच्या जागी चोवीस कागद आले. २०२३ ते २०४२ पर्यंत दर वर्षी एक मुदत भरणारे वीस नवे ग्रीक रोखे, युरोपीय मदतनिधीचे तीन छोट्या मुदतीचे रोखे, आणि अर्थव्यवस्था ठरल्यापेक्षा वेगाने वाढली तर थोडं जास्तीचं देण्याचं वचन असलेला एक कागद. मी ते हिशेबाच्या तक्त्यात एकेक करून उतरवले. त्या निधीतले पैसे निवृत्त नोकरदारांचे होते, आणि त्यांच्या विश्वस्तांना हा तक्ता समजावून सांगायला मला दोन तास लागले. ग्रीसमध्ये तर आमच्याहून वाईट झालं: तिथल्या पेन्शन निधींनी आणि सार्वजनिक संस्थांनी ठेवलेले रोखेही त्याच कात्रीखाली आले. युरोपीय मध्यवर्ती बँकेकडचे रोखे मात्र आधीच वेगळे काढून वाचवले होते. तो भेदभाव मला तेव्हाही पटला नव्हता.

हे हत्यार एकदाच चालतं. नवे वीस रोखे इंग्लिश कायद्याखाली निघाले, ही सावकारांनी घातलेली अट होती. आणि जानेवारी २०१३ पासून युरो वापरणाऱ्या देशांच्या एक वर्षाहून अधिक मुदतीच्या सगळ्या नव्या रोख्यांत बहुमताने पुनर्रचना करण्याचं कलम सुरुवातीपासूनच असतं. बैल गेला आणि झोपा केला, पण पुढच्या बैलासाठी तो झोपा उपयोगी आहे.

आता ड्राक्माचा प्रश्न. छापखाना सुरू करणं ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट. २०१२ नंतर ग्रीसचं जवळपास सगळं मोठं देणं युरोत आणि परदेशी कायद्याखाली किंवा सरकारा-सरकारांतल्या करारांत होतं. ड्राक्मा निम्म्यावर घसरला असता तर ते देणं तिथल्या हिशेबाने दुप्पट झालं असतं. तेल, औषधं बाहेरून. आणि बाहेर पडण्याचा नुसता वास आला की लोक बँकेकडे धावतात. नव्या नोटा छापून पोहोचेपर्यंत जुन्या बँका उभ्याच राहत नाहीत.

२०१५ मध्ये जगाने याची चव घेतली. जानेवारीत त्सिप्रास यांचं सरकार आलं, सावकारांशी बोलणी फिसकटत गेली, ठेवी वाहत गेल्या. बँका फ्रँकफर्टच्या परवानगीने मिळणाऱ्या आणीबाणीच्या उसनवारीवर जगत होत्या. २८ जूनला ही उसनवारी सुमारे ८९ अब्ज युरोंवर गोठवली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बँका बंद. एटीएममधून दिवसाला ६० युरो. मी त्या आठवड्यात अथेन्समध्ये होतो. संध्याकाळपर्यंत बऱ्याच यंत्रांतल्या वीसच्या नोटा संपायच्या, मग साठचे पन्नासच हातात पडायचे. माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजींनी पन्नासची एकच नोट घेतली, दोनदा घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मागे पन्नासेक माणसं होती आणि कुणीच बोलत नव्हतं. ३० जूनला नाणेनिधीचा हप्ता चुकला. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी सावकारांच्या अटींना नकार दिला, आणि १३ जुलैच्या सकाळी, सतरा तासांच्या बैठकीनंतर, त्याच सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. लोकांचा कौल खोटा नव्हता. पण बँकांची नाडी दुसऱ्याच्या हातात असताना सरकारच्या नकाराला आठवड्याभराचंच आयुष्य असतं. पैसे बाहेर नेण्यावरचे निर्बंध पूर्ण उठायला १ सप्टेंबर २०१९ उजाडला.

म्हणून अशा देशाच्या अर्थमंत्र्याने मला सल्ला विचारला, तर मी आधी बँकांबद्दल विचारीन, अंदाजपत्रकाबद्दल नंतर. मध्यवर्ती बँकेकडे तारण म्हणून काय चालेल, उसनवारी किती काळ मिळेल, आणि रोखे कापले तर बँकांच्या भांडवलाला जे भोक पडेल ते कोण भरेल, याची उत्तरं लेखी हातात येईपर्यंत भांडण उकरू नये. ती आली की मग कर्जाची कपात ताबडतोब, एकदाच आणि पुरेशी खोल. हप्त्याहप्त्याने केलेली कपात सगळ्यांत महाग पडते, कारण पुढची कधी येईल या भीतीने नवं कर्ज कुणी देत नाही. खर्चकपात लागतेच, पण ती कर्ज कापल्यानंतर, आणि बाजार बसणार नाही अशा गतीने. आकडे खरे सांगणं तर पहिल्या दिवसापासून.

आयर्लंडचं दुखणं उलट्या बाजूने, बँकांकडून आलं. २००७ मध्ये त्याचं कर्ज जीडीपीच्या पंचवीस टक्क्यांच्या आसपास होतं, हेवा वाटावा असं. सप्टेंबर २००८ च्या एका रात्री सरकारने बँकांच्या देण्यांना सरसकट हमी दिली आणि बँकांचा खड्डा देशाचा झाला. चार-पाच वर्षांत कर्ज १२० टक्क्यांच्या घरात. सायप्रसने मार्च २०१३ मध्ये विमा असलेल्या छोट्या ठेवींवरही पावणेसात टक्के कर लावायचा घाट घातला होता. संसदेने तो फेटाळला, पण छोट्या ठेवीदाराच्या मनात जो धसका बसला तो बसलाच.

ग्रीस २० ऑगस्ट २०१८ ला मदतीच्या कार्यक्रमातून बाहेर पडला, एप्रिल २०२२ मध्ये नाणेनिधीचं सगळं कर्ज मुदतीआधी फेडलं. कर्जाचं प्रमाण अजून मोठं आहे, पण ते झपाट्याने उतरतं आहे, आणि कर्जाचा मोठा भाग दीर्घ मुदतीचा, कमी व्याजाचा आहे. म्हणजे शेवटी कपात दुसऱ्यांदाही झाली. सावकार सरकारांनी मुद्दल कापलं नाही, मुदती लांबवल्या आणि व्याज उतरवलं. मतदारांना "माफ केलं" हा शब्द सांगावा लागला नाही.

आता आपली राज्यं. रुपया एकच असूनही एखाद्या राज्याचा ग्रीस होत नाही, याचं मुख्य कारण राज्यांची शिस्त हे नाही. कोल्हापूरच्या माणसाची बँकेतली ठेव महाराष्ट्र सरकारच्या पतीवर अवलंबून नसते. बँकांवर देखरेख रिझर्व्ह बँकेची, पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा देशाचा. राज्य अडचणीत आलं म्हणून तिथले ठेवीदार रांगा लावत नाहीत. युरोपात मोठ्या बँकांची देखरेख नोव्हेंबर २०१४ मध्ये एकत्र आली, ठेव विमा अजूनही ज्याचा त्याचा आहे. शिवाय वित्त आयोगाच्या सूत्राने केंद्राचा पैसा दरवर्षी राज्यांकडे येतो. युरोपीय संघाचं स्वतःचं अंदाजपत्रक तिथल्या अर्थव्यवस्थेच्या जेमतेम एक टक्का. आणि राज्यघटनेच्या २९३ व्या कलमानुसार केंद्राचं कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवं कर्ज घ्यायला केंद्राची संमती लागते. ती मर्यादा कुणी, कशी ठरवायची यावर केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये तो प्रश्न घटनापीठाकडे सोपवला गेला.

या व्यवस्थेचा एक दोष मात्र नजरेआड करू नका. केंद्र आणि रिझर्व्ह बँक पाठीशी आहेत हे गृहीत धरल्यामुळे काटकसरी राज्य आणि उधळं राज्य यांच्या रोख्यांच्या दरांत फारच थोडा फरक पडतो. बाजार ओरडत नाही. राज्याच्या तिजोरीतला ताण दुसरीकडे उमटतो: कंत्राटदारांची थकलेली बिलं, वीज वितरण कंपन्यांचा तोटा, महामंडळांच्या नावाने काढलेलं आणि अंदाजपत्रकात न दिसणारं कर्ज. म्हणून एखाद्या राज्याची तब्येत बघायची असेल तेव्हा मी रोख्यांचा दर सगळ्यांत शेवटी बघतो. आधी राज्याने दिलेल्या हमींची एकूण रक्कम काढतो आणि ती त्याच्या वर्षाच्या महसुलाशेजारी मांडतो.